स्टिअरिंग नंतर, आधी उजवा पाय आणि टायर

"मागची चाकं सुटली की स्टिअरिंग उलट फिरवा." स्पोर्ट्स कार घसरल्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली हा सल्ला असतोच. चूक नाही, पण अर्धवट आहे. माझं मत विचाराल तर मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी सावरते किंवा जाते ती उजव्या पायामुळे.

टायरची पकड मर्यादित असते. वळताना त्यातली बरीच वळण्यातच खर्च होते. वर ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग बाहेर निघतो. अशा वेळी पाय अलगद सैल करायचा, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, जायचंय तिकडे बघायचं. गाडी सावरायला लागली की उलट फिरवलेलं स्टिअरिंग लगेच सरळ करायचं. ते राहिलं तर गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते आणि तो झोका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

१९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोची तऱ्हा आणखी वेगळी. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, आणि टर्बोची ताकद उशिरा पण एकदम येणारी. वळणात घाबरून पाय झटक्यात काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि जड शेपूट पुढे यायला बघते. 'विडोमेकर', म्हणजे बायकांना विधवा करणारी, हे नाव तिला उगाच पडलं नाही. वेग वळणाआधीच कमी करायचा आणि वळणात थोडा ॲक्सिलरेटर धरून ठेवायचा, याला तिथे पर्याय नाही.

आता पोर्शेचीच कॅरेरा जीटी. ६१२ घोड्यांची ताकद, चाकं जागीच गरगरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण गाडी घसरताना एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी ईएसपी यंत्रणा नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात 'फास्ट अँड फ्युरियस' सिनेमांतला नट पॉल वॉकर याच मॉडेलच्या अपघातात गेला; चालवत दुसराच होता. तपासात वेग ताशी १३० ते १५० किलोमीटर निघाला, मर्यादा सुमारे ७२ ची. चर्चा वेगाचीच झाली, पण टायर नऊ वर्षांचे होते, हे किती जणांना आठवतं? २०२४ मध्ये याच मॉडेलला मिशेलिनचे नवे टायर घालून जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं १२.६९ सेकंदांची फेरी मारली. पोर्शेचा चाचणी चालक वाल्टर रोहर्लच्या २००४ मधल्या वेळेपेक्षा जवळपास १६ सेकंद कमी! चालक वेगळा होता, मान्य, पण रबराचा वाटा मोठा.

ईएसपी रस्त्यावर बंद करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ती हौस ट्रॅकवर भागवा.

जुनी स्पोर्ट्स कार घेणार असाल तर टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. 'फारशी चाललेलीच नाही, झाकूनच असते' अशा गाडीचे तर आधी बघा. नक्षी नव्यासारखी दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं.