आधी उशीचं वय सांगा

आमच्याकडे एक एअर प्युरिफायर पडलाय, दीड वर्ष जुना, चालू कंडिशन, कुणाला हवा असेल तर इनबॉक्स करा. सहज विकत नाहीये, वैतागून विकतेय.

झालं असं की धाकट्याला रोज सकाळी उठल्या उठल्या सलग पंधरा-वीस शिंका. नाक तळहाताने वर चोळून चोळून नाकावर आडवी रेघच पडली होती. आणि नऊ वाजले की साहेब एकदम ठणठणीत! सगळ्यांनी सल्ले दिले, दही बंद करा, केळं बंद करा, गारठा लागतोय, ते सगळं करून झालं. मी आपली ठाण्यातल्या धुळीला शिव्या घालत होते, खिडक्या बंद ठेवायच्या आणि मशीन लावायचं, हप्त्यावर घेतलं ते पण.

शेवटी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. हातावर थेंब टाकून बारीक टोचतात, पंधरा मिनिटं थांबायचं, एका थेंबाखाली डास चावल्यासारखी टम्म गांधी आली. डस्ट माइट. मग डॉक्टरांनी विचारलं, मुलाची उशी किती जुनी आहे? मी नवऱ्याकडे बघतेय, नवरा माझ्याकडे. ती उशी आमच्या लग्नात आहेरात आलेल्या सेटमधली आहे हो, बारा वर्षं झाली, अभ्रे बदलले पण उशी तीच!

हे माइट म्हणजे कोळ्याच्या नात्यातले आठ पायांचे प्राणी, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. चावत नाहीत, आपल्या अंगावरून गळणारी कातडी खातात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतात, म्हणजे आमच्या पावसाळ्यात यांची दिवाळीच. अ‍ॅलर्जी मुख्यतः होते ती त्यांच्या विष्ठेची. आणि ते कण जड असतात, गादीवर उड्या मारल्या की उडतात आणि थोड्या वेळात परत खाली बसतात. प्युरिफायर कोपऱ्यात घोंघावत असतो आणि पोरगं रात्रभर नाक उशीत खुपसून झोपलेलं, तो बिचारा तरी काय ओढणार. धुराला वगैरे त्याचा उपयोग असेल, आमच्या केसमध्ये शून्य.

मग दिवाण उघडला. देवा!! आत तीन जुन्या गोधड्या, पाहुण्यांसाठीची गादी, एक फाटकी रजई, सगळ्याला तो कोंदट वास. त्याच दिवाणावर मुलगा झोपतो.

आता काय करतो ते सांगते. उशी नवीन, तिला आणि गादीला चारी बाजूंनी चेन असलेलं घट्ट विणीचं कव्हर. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक पाण्यात, ५५-६० डिग्री तरी लागतं, आमच्या टॉप लोडला हीटर नाही म्हणून मी गॅसवर पातेलं तापवून बादलीत ओतते आणि वर काठीने दाबते. टेडी दोनच ठेवले, बाकीचे देऊन टाकले, त्यावरून रडारड झाली ती वेगळीच. आणि कोरडा झाडू बंद, आधी ओलं फडकं. यावरून सासूबाईंशी आठवडाभर अबोला, कारण त्यांना फटाफट केर काढल्याशिवाय घर झाडल्यासारखं वाटत नाही.

पण त्याच सासूबाई म्हणाल्या, आमच्या साताऱ्याकडे घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर धुवायला न्यायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. पावसाळा संपता संपता, म्हणजे माइट जोरात असतात तेव्हाच. लगेच "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" अशा कमेंट टाकू नका प्लीज, ते देवाचं सोवळं म्हणून धूत होते, पण धूत होते ना, आम्ही बारा वर्षांत एकदाही नाही.

आणि ऊन द्यायचं तर कुठे द्यायचं? सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय, नोटीस आहे की गाद्या वाळत घालू नयेत, वॉटरप्रूफिंग खराब होतं. गादीने वॉटरप्रूफिंग खराब होतं म्हणे! आणि थर्टी फर्स्टला तिथेच डीजे चालतो.

हो, एक सांगायचं राहिलं, नाकातला स्प्रे चालूच आहे. डॉक्टरांनी बजावलंय की नुसती कव्हरं घालून औषध बंद करायचं नाही. शिंका पूर्ण गेल्या नाहीत, आता तीन-चार येतात, नाकावरची रेघ फिकट झालीये.

सेक्रेटरींशी भांडून रविवारची किल्ली मिळवलीये, ११ ते ३. आमच्या दोन गाद्या, समोरच्या काकूंच्या तीन, अजून कुणाला आणायच्या असतील तर चटई आपापली आणा, खाली अंथरायला. आणि प्युरिफायरचं खरंच सांगा, फिल्टर नवीन आहे.