‘चाळिशीनंतर बायकांनी जिम टाळावं’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला अकरा जणींनी पाठवला. कुणी ‘मॅडम, हे खरं आहे का?’ असं विचारत, कुणी काहीच न लिहिता. दोघींनी तर तो वाचून बॅचला येणंच थांबवलं. मेसेज थोडक्यात असा: ‘चाळिशीनंतर बायकांनी जिम टाळावं. वजनं उचलल्याने शरीर पुरुषी होतं, गुडघे आणि कंबर जाते. बारीक व्हायचं तर भात-भाकरी बंद करा, घाम गाळा, पोटाचे व्यायाम करा. जिमवाले प्रोटीन खायला लावून किडन्या खराब करतात. आणि जिम सोडलं की दुप्पट जाड होता.’ खाली एका ज्येष्ठ डॉक्टरांचा हवाला आहे, नाव मात्र दिलेलं नाही.

मी आमच्या गल्लीतल्या छोट्या जिममध्ये सकाळी साडेदहाची बायकांची बॅच घेते. डबे करून, मुलांना शाळेत पोचवून, सासूबाईंची औषधं देऊन स्वतःसाठी एक तास काढलेल्या या बायका आहेत. तो तास या मेसेजपायी जावा, हे मला सहन होत नाही.

आधी ‘पुरुषी शरीर’. मोठे स्नायू व्हायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन भरपूर लागतं, आणि बाईच्या रक्तात ते पुरुषाच्या तुलनेत अगदी थोडं असतं. आपली वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं ते 49 किलोच्या गटात. तिथे तिने 115 किलो डोक्यावर पेललं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. वर्षानुवर्षं रोज वजनं उचलणारी ती मुलगी आजही चणीने लहानखुरीच आहे. मग आठवड्यातून तीनदा 3 किलोचे डंबेल उचलून आपले दंड पहिलवानासारखे कसे होतील? घरचा भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास असतो. तो आपणच ओट्याखाली सरकवतो, आणि तोही कंबर वाकडी करून.

गुडघे आणि कंबरेचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं आणि हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. हाडाला ताण मिळाला तरच ते नवं हाड बांधतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायका होत्या. एका गटाने 8 महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली, दुसऱ्याची घटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीतही ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान 2 दिवस सांगितलेत. पासष्टीनंतर तर तोल आणि ताकदीसाठी 3 दिवस. वय वाढलं की थांबा, असं त्यात कुठेही नाही. गुडघ्याचंही तेच: मांडीचे स्नायू भक्कम असले की सांध्यावरचा भार ते वाटून घेतात.

चुकीच्या पद्धतीने गुडघा दुखावतो, हे मात्र खरं. मी स्वतः पहिल्यांदा ज्या जिमला गेले, तिथे पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढायला लावल्या होत्या. आठवडाभर मला जिना उतरता येईना. दोष त्या शिकवण्याचा होता, व्यायामाचा नाही.

आता भात-भाकरी. ती बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा दोनेक किलो खाली येतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण शरीर साखरेचा साठा पाण्यासोबत धरून ठेवतं. साठा संपला की ते पाणी जातं. काट्यावर दिसतं ते बहुतेक हेच पाणी, आणि पहिल्या वरण-भाताला ते परत येतं.

माझ्या बॅचमध्ये मी प्रत्येकीला दिवसभराचं खाणं लिहून आणायला सांगते. बहुतेक वह्या सारख्याच असतात: सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, थोडा भात, दोन-तीन चहा, रात्री खिचडी. यात प्रथिनं भरतात जेमतेम 30 ग्रॅम. 60 किलोच्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किमान 50 लागतात. म्हणजे ताटात जास्तीचं काही नाही, कमी आहे. भाकरी काढून ही तूट भरणार नाही. उलट ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातच 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, वर चोथाही भरपूर. वरण घट्ट करा, मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ घ्या, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे. खाणाऱ्यांनी दोन अंडी किंवा बांगडा. कात्री लावायचीच असेल तर फोडणीला लावा. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, आणि मध्यम भाकरीत साधारण तेवढ्याच. भाजीत पळीभर तेल ओतून भाकरी सोडणाऱ्या बाईला आपण उपाशी ठेवतोय, आणि तिचं पोटही उतरत नाही.

घाम म्हणजे पाणी. पोटाला प्लास्टिक गुंडाळून ट्रेडमिलवर चालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांना चक्कर येते, चरबी जागची हलत नाही. पोटाच्या व्यायामांनी पोटाचे स्नायू घट्ट होतात, पण त्यांच्यावरची चरबी तेवढीच निवडून जळत नाही. 1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, कातडीखालची चरबी मात्र दोन्हीकडे सारखीच.

किडनीबद्दल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. पण निरोगी बाईची किडनी डाळ, दही आणि अंड्याने बिघडत नाही. डब्यातल्या प्रोटीन पावडरीबद्दल मात्र मी मेसेजवाल्यांच्या बाजूने आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही ती टाळा असंच सांगतात. काउंटरवर डबे मांडून नव्या बाईच्या गळ्यात हजारोंचा माल मारणाऱ्या जिमचा मला मनापासून राग आहे. माझ्या बॅचमध्ये कुणालाही तो घ्यावा लागत नाही.

आणि ‘सोडलं की दुप्पट’? स्नायूची चरबी होत नाही, ते दोन वेगळे प्रकार आहेत. व्यायाम थांबला आणि खाणं तेवढंच राहिलं, तर वजन हळूहळू वाढतं. जिमचं तोंडही न पाहिलेल्या माणसाचंही तसंच वाढतं.

न येणाऱ्या दोघींपैकी एकीला रक्तदाब आहे. तिला सांगते: सोमवारी येताना शेवटचा रिपोर्ट घेऊन ये. पहिले तीन आठवडे आपण फक्त खुर्चीवरून उठणं-बसणं करू, हातात काहीही न घेता. नंतर 2 किलो. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा.