कोकणातले ‘चार वंश’: फिरत्या मेसेजला उत्तर

गावकीच्या, ज्ञातीच्या आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकण किनाऱ्यावर चार वेगळे मानववंश राहतात. घाऱ्या डोळ्यांचे कोकणस्थ ब्राह्मण युरोपीय किंवा ज्यू रक्ताचे, म्हणून बुद्धिमान. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी, म्हणून दणकट. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, रक्तानेच परके. आणि कातकरी आदिम काळ्या वंशाचे, म्हणून मागास राहिले आणि चोऱ्यामाऱ्यांकडे वळले. शेवटी दोन दाखले असतात. इंग्रजांनी मोजमापं घेऊन हे ठरवलंय, आणि आता डीएनएने सिद्ध झालंय.

हे सगळं चुकीचं आहे. ते चुकीचं का, हे ज्या अभ्यासकांनी दाखवून दिलं त्यांच्यातले तिघे याच किनाऱ्याशी नात्याने बांधलेले होते. त्यांचं काम कोकणातल्या घराघरात माहीत असायला हवं होतं. त्याऐवजी हा मेसेज माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी घारे डोळे. डोळ्यांचा रंग बुबुळातल्या मेलॅनिनवर ठरतो आणि त्यातला मोठा वाटा पंधराव्या गुणसूत्रावरच्या दोन शेजारी जनुकांचा असतो. बुद्धीशी त्यांचा काही संबंध नाही. सगळ्या कोकणस्थांचे डोळे घारे नसतात आणि घारे डोळे फक्त कोकणस्थांतच दिसतात असंही नाही. समुद्रात वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने चितेवर पावन केलं आणि तेच चित्पावन, म्हणजे कोकणस्थ, झाले, ही सह्याद्रिखंडातली कथा इथे पुरावा म्हणून दिली जाते. बेने इस्रायलांचीही आठवण अशीच आहे: अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे चौदा माणसं. एवढ्या साम्यावरून दोन समाजांचं रक्त एक ठरवून टाकलं गेलं. किनाऱ्यावरच्या लोकांच्या उगमकथेत फुटलेलं जहाज असणारच, त्यातून रक्ताचं नातं निघत नाही.

बुद्धीचा मुद्दा इतिहासाकडेच तपासू. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. त्यानंतर चिपळूण, गुहागर, दापोली, राजापूरकडची कोकणस्थ घराणी भराभर पुण्याला गेली. कारकुनी, सरदारकी, इनामं, दक्षिणा त्यांना मिळत गेली. पुढे इंग्रजी शाळा निघाल्या तेव्हा लिहिण्यावाचण्याची सवय आणि शहरातलं घर या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे तयार होत्या. त्याआधीच्या शतकांत राज्यकारभारात त्यांची नावं फारशी दिसत नाहीत आणि घाटावरचे देशस्थ त्यांना बरोबरीचे मानायलाही तयार नव्हते. बुद्धी रक्तात होती, तर १७१३ पर्यंत ती कुठे होती? संधी मिळाली आणि ती पिढ्यान् पिढ्या टिकली, हे उत्तर सरळ आहे. कोकणस्थांच्या कर्तृत्वाला त्याने कमीपणा येत नाही, उलट ते त्यांच्या कष्टांच्या नावे जमा होतं.

आता इंग्रजांची मोजमापं. या मुद्द्यापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण मेसेजचा सगळा रुबाब याच्यावर उभा आहे. हर्बर्ट रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, असा नासिकांक काढून त्यांनी हिंदुस्थानातल्या लोकांचे सात प्रकार पाडले. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. पण पश्चिम भारतासाठी त्यांनी जो प्रकार सांगितला, त्याला नाव दिलं ‘सिथो-द्राविडी’ आणि त्यात मराठी ब्राह्मण व कुणबी दोघांनाही एकत्र बसवलं! म्हणजे ज्या साहेबाच्या नावाने वंश वेगळे असल्याची शपथ घेतली जाते, त्याच साहेबाने कोकणातल्या भटजींना आणि त्यांच्या कुळांना एकाच खणात टाकलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने रिस्ले वाचलेला नाही.

ज्यांनी वाचला त्यांनी काय केलं ते पाहा. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र उभं केलं. १९३२ मध्ये जात आणि वंश यांवरच्या ग्रंथात त्यांनी नासिकांकाची हीच कोष्टकं पुन्हा मांडली आणि दाखवलं की उत्तर प्रदेशाबाहेर नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही. उत्तर प्रदेशापुरता वंशाचा मुद्दा त्यांनी मान्यच केला होता, हेही सांगायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९३६ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया (तिथला अस्पृश्य) एकच आहेत. जात ही वंशाची विभागणी नाही, एकाच वंशाच्या माणसांची सामाजिक विभागणी आहे. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या मुळावर लिहिताना त्यांनी घुर्यांच्या पुस्तकातली मोजमापं घेतली आणि मोजपट्टी खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे आकड्यांनिशी दाखवलं.

तिसऱ्या इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई, म्हणजे सासर दापोलीजवळच्या मुरुडचं. एम.ए.चा प्रबंध त्यांनी घुर्यांच्या हाताखाली चित्पावनांवरच लिहिला. मग १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत गेल्या. पुढे नाझींच्या वंशधोरणाला ज्यांनी शास्त्राचा आधार पुरवला, तेच हे फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू विषम असते आणि त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ विचारशक्तीशी आहे, असं त्यांचं अनुमान होतं. ते तपासण्याचं काम त्यांनी या मराठी मुलीला दिलं. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या ठिकाणच्या कवट्या मोजल्या आणि असा काही वांशिक संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच समोर. पुढे महाराष्ट्रातही त्या मोजमापं घेत राहिल्या, त्या पद्धतीच्या मर्यादा आज उघड आहेत. पण कोकणस्थ घरातली, चित्पावनांचाच अभ्यास केलेली बाई वंशश्रेष्ठत्वाच्या ऐन बालेकिल्ल्यात ‘नाही’ म्हणून आली, ही गोष्ट त्या ज्ञातीच्या ग्रुपवर फिरायला हवी.

वंशाचं हे खूळ कागदावर राहिलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. दापोलीच्या कॅम्पात त्यांच्या पेन्शनरांची वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने ‘लढाऊ वंश’ ठरवले, पंजाबी, गुरखे, पठाण वर गेले आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. तीन-तीन पिढ्या पलटणीत गेलेल्या घरांना एका सिद्धांताने घरी बसवलं. पगार गेला, पेन्शन गेलं, पलटणीतली मुलांची शाळाही गेली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार केला. त्यात महार मुळचे क्षत्रिय आहेत असं सांगावं लागलं. त्यांच्या संस्थेचं नावही ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. अन्यायाची दाद मागायलासुद्धा अन्याय करणाऱ्याच्याच चौकटीत उभं राहावं लागलं, हे वाचताना आजही जीव कळवळतो. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, महायुद्धाला माणसं कमी पडली तेव्हा.

सिद्द्यांच्या ‘दणकट रक्ता’कडे येऊ. सिद्द्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले, कुणी गुलाम म्हणून, कुणी खलाशी किंवा शिपाई म्हणून. हे खरं आहे, आणि जनुकीय अभ्यासांतही आफ्रिकी वारसा आणि इथल्या लोकांशी झालेली सरमिसळ दोन्ही दिसतात. पण रायगडातल्या मुरुडचा जंजिरा शेकडो वर्षं टिकला तो दंडाच्या जोरावर नाही. आरमार, तोफा, मुघलांशी जुळवलेलं राजकारण आणि आपल्यातूनच कर्तबगार माणूस पुढे काढण्याची पद्धत यांच्यामुळे तो टिकला. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर हबशी होता आणि त्याचं नाव जमीन महसुलाच्या व्यवस्थेसाठी घेतलं जातं. आता किनाऱ्याने खाली उत्तर कन्नडमध्ये जा. तिथल्या रानातले सिद्दी बरेचसे गोव्याहून पळालेल्या गुलामांचे वंशज, पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या बागांत मजुरी करणारे. २००३ मध्ये कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मूळ मुलूख आफ्रिकाच, पण एकीकडे १९४८ पर्यंत नवाबी आणि दुसरीकडे वेठ. वंशाने नशीब ठरत असतं तर हे झालं नसतं.

‘दणकट’ ही तर स्तुती आहे, असं काही जण म्हणतात. त्या स्तुतीचा अनुभव सिद्द्यांनी घेतला आहे. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत गुजरात-कर्नाटकातली सिद्दी मुलं धावपटू करण्यासाठी निवडली. आफ्रिकी रक्त आहे, पदकं येतील, हा हिशेब. काही वर्षांत सिद्दी मुलांसाठीचा तो कार्यक्रम गुंडाळला गेला आणि बरीच मुलं घरी परतली. अंगच्या ताकदीसाठी निवडलेल्या माणसाकडून दुसरं काही अपेक्षितच नसतं.

बेने इस्रायल परके, याला उत्तर द्यायला पेण, रोहा, नवगाव ही नावं पुरेत: पेणकर, रोहेकर, नवगावकर. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, घरात मराठी बोलणारे, बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं करणारे. रक्त पाहायचंच तर जनुकीय अभ्यासात पश्चिम आशियाई आणि इथला असा दोन्ही वारसा सापडतो. पण रंगाचा विषार याही छोट्या समाजात भिनला होता. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असे भेद होते, रोटीबेटी होत नव्हती. पुढे हे लोक इस्रायलला गेले, तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे नियम काढले. ते ज्यू आहेत का, हाच प्रश्न. बेने इस्रायलांनी जोरदार आंदोलनं केली आणि १९६४ मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. इथे परके आणि तिथेही परके ठरवायला वंशाची एकच कल्पना पुरली.

डीएनएबद्दल मात्र काळजीपूर्वक बोललं पाहिजे, कारण अर्धवट बातम्यांवरून गैरसमज वाढतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये दाखवलं की भारतातले जवळजवळ सगळे समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या, एक उत्तरेकडचा आणि एक दक्षिणेकडचा, मिश्रणातून आलेले आहेत. प्रमाण कमी-जास्त आहे, ब्राह्मण समाजांत उत्तरेकडचा वाटा सहसा अधिक दिसतो. हे लपवण्याचं कारण नाही. पण मिश्रण जवळजवळ सगळ्यांत आहे, आदिवासींतही. २०१३ च्या अभ्यासानुसार ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालली आणि मग आपापसातच लग्नं करण्याची रीत घट्ट झाली. म्हणजे जनुकांत आज जो फरक दिसतो त्यातला बराचसा जातीच्या नियमांनी पुढे जपलेला आहे. युरोपीयांच्या गोऱ्या कातडीमागचा एक महत्त्वाचा जनुकबदल भारतात ठिकठिकाणी, अनेक जातीजमातींत सापडतो. आणि १९७२ मध्येच अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला होता की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत असते. डीएनएने मेसेज सिद्ध केलेला नाही, त्याने तो खोडला आहे.

राहिले कातकरी, ज्यांच्याबद्दलची ओळ सगळ्यात विषारी आहे. ही जमात खैराच्या झाडापासून कात काढून जगत होती. १८७८ च्या वन कायद्याने रान सरकारचं झालं, तसा तो धंदा आक्रसला. मग कोळशाच्या भट्ट्या, नंतर वीटभट्ट्या. आजही दिवाळीनंतर रायगड-ठाण्यातल्या कित्येक वाड्या ओस पडतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला अख्खं कुटुंब भट्टीवर जातं, पोरं बरोबर जातात, शाळा सुटते. परत आल्यावर उचल फिटलेली नसते. झोपडी असते ती पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर, डोंगरउतारावर कसत असलेल्या जमिनीचा, म्हणजे दळीचा, कागद नावावर नसतो, जातीचा दाखला काढायला पुरावे नसतात. केंद्राने अतिअसुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींत कातकरी आहेत, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. या परिस्थितीला ‘मागास वंश’ म्हणणं म्हणजे भट्टीमालकाला, सावकाराला आणि वनखात्याला एका फटक्यात निर्दोष सोडणं.

आणि चोरी. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदाच केला होता की काही जमाती जन्मतः गुन्हेगार असतात. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण ती समजूत कोकणात कुठल्याही आदिवासी वाडीला चिकटवायला लोक आजही तयार असतात. गावात पंप चोरीला गेला, बागेतले आंबे उतरवून नेले, की आधी कातकरवाडीत चौकशी होते. मेसेज पुढे पाठवणारा म्हणतो, मी फक्त माहिती दिली. पण वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या कातकरी मुलीकडे शिक्षक आणि पोरं कशा नजरेने बघतात, ते याच माहितीने ठरतं.

माहितीच पाठवायची असेल तर आपल्या तालुक्याची पाठवा. कातकरी वाड्या किती, त्यातल्या किती घरांखालची जमीन त्यांच्या नावावर आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली किती दावे मंजूर झाले आणि किती पडून आहेत. तहसील कार्यालयात आणि प्रांताकडे हे आकडे मागता येतात. माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो.