‘हेड बिघडवून दिलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की, कॉम्प्रेशन वाढवायला कार्ब्युरेटरवाल्या मारुती आठशेच्या हेडला (सिलिंडरवरचं झाकण) दोन मिलिमीटर फेस मारायला, म्हणजे खालची बाजू घासून कमी करायला सांगितलं होतं, आम्ही 0.6 वरच थांबलो आणि मजुरी पूर्ण घेतली. गेजवर कॉम्प्रेशन वाढलेलं दिसत नाही. वर बीडहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिन खडखडलं. म्हणून एक स्टार.

कमी घासलं म्हणून राग आणि इंजिन खडखडतं म्हणूनही राग, हे काही जुळत नाही. कॉम्प्रेशन जास्त झालं की खडखड वाढते, कमी राहिलं म्हणून नाही.

0.6 हा आकडा अंदाजाने काढलेला नाही. हेड उतरवल्यावर तुमच्या पुतण्यासमोरच मोजणी केली. वाल्व आणि प्लग जागेवर ठेवून हेड पालथं टाकलं, चेंबरच्या (हेडमधल्या पेट्रोल जळण्याच्या खड्ड्याच्या) काठाला ग्रीस लावून भोकाची अ‍ॅक्रिलिक पट्टी दाबली आणि बुरेटमधून रंगीत रॉकेल सोडलं. शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत पट्टी तिरकी करत बसावं लागतं, घाई चालत नाही. मधलं चेंबर बाकी दोघांपेक्षा लहान निघालं, तेही आधी घासून सारखं केलं. मजुरीत हे सगळं धरलेलं आहे. फेस किती मारला यावर मजुरी ठरत नाही. मशीनवर हेड बांधायला आणि लेव्हलला आणायला वेळ तेवढाच जातो.

आता हिशोब बघा. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 72 मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरचे 265 सीसी. कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) 8.7 धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण 34.5 सीसी. 0.6 फेसने त्यातले पावणेदोन सीसी गेले आणि रेशो 9.1 च्या आसपास आला. दोन मिलिमीटर मारला असता तर तो 10.3 च्या घरात गेला असता. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (खडखड रोखण्याची ताकद) मर्यादित, इंजिनाला खडखड ओळखणारा नॉक सेन्सर नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 ला टेकतो. त्यात ती गाडी चार माणसं घेऊन घाट चढणार. त्या अवस्थेत पिस्टनला भोक पडलं असतं, तर रिव्ह्यू आम्हालाच आला असता.

शिवाय हेड खाली बसलं की कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टवरचं वाल्व टायमिंग मागे पडतं. वाल्व आणि पिस्टनमधली जागाही कमी होते. अ‍ॅल्युमिनियमचं हेड पातळ झालं की पुढच्या वेळी तापून वाकलं तर घासायला काही शिल्लक राहत नाही. तांब्याचं पातळ गॅस्केट तुम्ही सुचवलं होतं. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे असतील तरच ते पाणी धरतं, आणि तुमच्या ब्लॉकवर गंजाचे खड्डे आहेत. बोअर 0.50 ओव्हरसाइझ करून रेशो 0.1 ने वाढतो, त्यासाठी कुणी इंजिन उघडत नाही. घुमटवाले पिस्टन हा खरा रस्ता, पण मग वाल्वची जागा, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक), टायमिंग सगळं नव्याने बसवावं लागतं. तो खर्च ऐकून तुम्हीच ‘राहू द्या’ म्हणालात.

आणि एवढं करून मिळतं किती? पुस्तकातल्या ऑटो सायकलच्या सूत्राने 8.7 वरून 10 वर गेलं तरी कार्यक्षमता चार टक्क्यांच्या आसपास वाढते. प्रत्यक्षात त्याहून कमीच. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकायला लागलं की तेही खलास.

गेजचा आकडा म्हणजे रेशो नव्हे. रिंगा, वाल्वची बैठक, बॅटरीचा जोर, थ्रॉटल पूर्ण दाबलेला होता की नाही, या सगळ्याचा त्या आकड्यावर परिणाम होतो. त्याला 14.7 ने (बाहेरच्या हवेच्या दाबाने, पीएसआयमध्ये) भागून रेशो निघत नाही, कारण दाबली की हवा तापते आणि दाब त्याहून जास्त चढतो.

आता घाटातली खडखड. तुम्हीच टाकलेला बॉनेटचा फोटो मोठा करून बघा. गाडी देताना डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) आणि त्याच्या बैठकीवर आम्ही पांढऱ्या पेंटची एकच रेघ मारतो. फोटोत त्या रेघेचे दोन तुकडे झालेत, अ‍ॅडव्हान्सच्या (ठिणगी लवकर पडण्याच्या) बाजूला स्पष्ट अंतर पडलंय. ‘पिकअपसाठी दुसरीकडे जरा ट्यूनिंग करून घेतलं’ असं तुमच्याच रिव्ह्यूत आहे. आम्ही कॉम्प्रेशन वाढवल्यावर ठिणगीचं टायमिंग थोडं मागे ठेवलं होतं, ते तिथे पुढे ओढलं गेलं. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल (इथेनॉल कदाचित आपल्याच मांजरा पट्ट्यातल्या उसाचं असेल). त्याचा ऑक्टेन चांगला असतो, पण जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. मेन जेट बदलायला तेव्हाच सांगितलं होतं, बिलाच्या मागे लिहूनही दिलंय.

फेसिंगचे पैसे परत मिळणार नाहीत, आणि या हेडला आमच्याकडे आणखी फेस मारला जाणार नाही. दुसरीकडे मारून घ्यायचा असेल तर तुमची मर्जी, मोजणीचे आकडे देतो. ठिणगीचं टायमिंग मात्र टायमिंग लाइट लावून फुकट बसवून देऊ, जेटचे फक्त पार्टचे पैसे. तोवर घाटात गाडी दामटू नका, गिअर खाली टाकून चढवा. येताना टाकीत प्रीमियम भरू नका, नेहमीचंच पेट्रोल असू द्या, म्हणजे खडखड आहे तशी ऐकता येईल.