साडू, ज्वालामुखी आणि मी

निसर्गरम्य ठिकाणं बघणं हे मुळातच कष्टाचं काम. त्यात साडू बरोबर असतील तर ती सक्तमजुरी होते. माझे थोरले साडू, अण्णा, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना डोंगर दाखवला की त्यातून किती ब्रास खडी निघेल ते सांगतात, आणि नदी दाखवली की पुलाला किती गाळे लागतील ते. अशा माणसाबरोबर मी मॉरिशसला गेलो. गेलो म्हणजे नेलं गेलं. ठरवणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या, आणि अशा वेळी साडूंनी फक्त पासपोर्ट सांभाळायचे असतात.

मॉरिशस म्हटलं की लोकांना निळा समुद्र आठवतो. आमच्या यादीत समुद्र नावापुरता होता, कारण ताईंच्या मते वाळू साडीत शिरते ती दिवाळीपर्यंत निघत नाही. त्यामुळे डोंगर, विवर, धबधबा आणि देऊळ. बेट चांगलं पासष्ट किलोमीटर लांब आहे, पण सगळं एका दिवसात ‘उरकायचं’ असा वरून हुकूम.

पहिलं ठिकाण क्यूरपीप गावातलं ‘त्रू ओ सेर’. झोपलेल्या ज्वालामुखीचं हे तोंड. तीनेकशे मीटर रुंद, उतारावर गच्च झाडी, तळाला थोडं पाणी, आणि काठाने गोल रस्ता. गावातली माणसं त्या रस्त्यावर सकाळी पळायला येतात. ज्वालामुखीभोवती फेऱ्या मारून वजन कमी करणारं दुसरं गाव माझ्या पाहण्यात नाही. क्यूरपीपला पाऊस पाचवीला पुजलेला. आम्ही पोचलो तेव्हा विवरात धुकं काठोकाठ भरलेलं. अण्णांनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

“म्हणजे हा खड्डाच ना?”

“अहो, विवर आहे ते.”

“जन्मभर खड्डे बुजवले, साडूभाऊ. आता विमानाचं तिकीट काढून खड्डा बघायला आलोय, आणि तोही दिसत नाहीये.”

मग त्यांनी कठड्याजवळचा एक धोंडा उचलला, अंगठ्याने घासला, उलटापालटा करून माझ्या हातात दिला. काळा, जड, बारीक भोकं पडलेला. “आपलाच दगड आहे हो हा. साताऱ्याला जा, कोल्हापूरला जा, हाच.”

चिडण्यासारखी गोष्ट ही, की अण्णांचं म्हणणं खरं होतं. कुठेही गेलं तरी ‘आपल्याकडच्यासारखंच’ म्हणण्याचा रोग आपल्या सगळ्यांनाच असतो, पण इथे भूगर्भशास्त्रच त्यांच्या बाजूचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या भट्टीतून लाव्हा उसळला आणि आपलं दख्खनचं पठार थरावर थर रचत तयार झालं, तीच भट्टी पुढे मॉरिशसच्या मुळाशी होती, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भट्टी खाली जागच्या जागी राहिली. वरची जमीन उत्तरेकडे सरकत गेली. वाटेत लक्षद्वीप, मालदीव यांचा पाया रचला गेला, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, आणि आता शेजारच्या रीयुनियन बेटावर तीच भट्टी अधूनमधून धगधगते. हे मी फोनवर वाचलं आणि खिशात ठेवून दिलं. अण्णांना सांगितलं असतं तर उरलेली सहल त्यांनी मालकी हक्काने केली असती.

पण बायकोने खांद्यावरून वाचलं होतं. तिने सांगून टाकलं.

तिथून पुढे अण्णा प्रत्येक कातळाकडे सासरी दिलेल्या मुलीकडे बघावं तसं बघत होते.

शामारेलचा रस्ता वळणावळणाचा. आल्याच्या वड्या सगळ्यांना पुरल्या, ड्रायव्हरलाही. धबधबा शंभरेक मीटरचा, एका दमात खाली पडणारा, आणि आमच्यापासून सुरक्षित अंतरावर. तो दोन मिनिटांत आटोपला, कारण खरं आकर्षण पुढे होतं: सात रंगांची माती. काळ्या कातळाची हवापाण्याने झीज होऊन चिकणमाती झाली, बाकीचं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, आणि त्यांनी टेकाडांवर तांबडे, तपकिरी, जांभळे पट्टे उठवले. त्यावर पाय ठेवू देत नाहीत. भोवती लाकडी कुंपण, आणि कुंपणाला टेकून जगभरातले लोक रंग मोजत उभे.

आमच्याकडेही मोजणी सुरू झाली. अण्णांचे दोन झाले: मुरूम आणि भिजलेला मुरूम. माझे ओढूनताणून चार. मग ताई पुढे सरसावल्या. पर्स बायकोकडे दिली, चष्मा पुसला आणि कुंपणावर हात ठेवून अशा उभ्या राहिल्या, की समोर गादीवर बसून कोणी साड्या उलगडतंय.

“तो वरचा विटकरी. त्याच्या खाली चटणी कलर. तो बघ, वांगी.”

“तो वांगी नाही गं ताई, जांभूळ,” बायको म्हणाली.

“वांगीच. जांभळाला निळी झाक असते, ती त्या पलीकडच्याला आहे. म्हणजे चार झाले. हा मेंदी, उन्हात गेल्यावर दिसेल. हा गव्हाळ. आणि तो कडेचा डाळिंबी.”

“डाळिंबी आणि विटकरी एकच धरलाय त्यांनी.”

“कशाला धरतील? माझ्याकडे दोन्ही आहेत.”

ढग सरकला की मेंदी गायब व्हायचा आणि मोजणी पहिल्यापासून. पलीकडचं एक परदेशी जोडपं दोघींच्या बोटांच्या रोखाने बघून मान डोलवायला लागलं. अखेर नऊ रंगांवर तडजोड झाली. बाहेरच्या दुकानात हीच माती काचेच्या इवल्या नळीत थरांनी भरून विकायला ठेवली होती. ताईंनी नळी डोळ्यांसमोर धरली आणि “ह्यात वांगी नाहीये” म्हणून परत ठेवली.

ल मॉर्नचा डोंगर मात्र कोणी कशाशी ताडून पाहिला नाही. समुद्रातून साडेपाचशे मीटर सरळ उठलेला हा कातळ पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर निघाले, ते पकडायला येताहेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात. ड्रायव्हरने हे गाडी थांबवून सांगितलं. अण्णांनी खडीचा हिशोब काढला नाही.

शेवटी गंगा तलाव. हेही विवरच, पण पाण्याने भरलेलं. 1897 मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं, की हे पाणी गंगेशी जोडलेलं आहे. पुढच्या वर्षापासून लोक चालत यायला लागले. 1972 मध्ये खरंच गंगाजल आणून त्यात ओतलं. महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लाखो लोक येतात. वेशीवरच 108 फुटांचा शंकर उभा. अण्णांनी हात जोडले आणि डोळे मिटूनच विचारलं, “पाया किती खोल घेतला असेल?”

घाटावर अनवाणी उतरलो. पायरी ओली आणि गार होती. ताईंनी नैवेद्याची केळी पुढे केली, तोच एका माकडाने फणी उचलली आणि देवळाच्या आडोशाला बसून सालं काढायला घेतली. ताईंनी मराठीत त्याचा उद्धार केला. त्यावर मागून कोणीतरी मोठ्याने हसलं.

साठीचे गृहस्थ होते, तिथलेच. उच्चार निराळा, पण बोलत होते मराठी. पूर्वज ऊसमळ्यांवर मजुरी करायला जहाजातून आलेले. “आमचे रत्नागिरीचे,” ते म्हणाले. अण्णांचे डोळे लकाकले. दगड आपला, भट्टी आपली, आता माणूसही आपला. त्यांनी त्या गृहस्थांचा हात धरला तो सोडेचनात. जाखडी नाचता का विचारलं. ते म्हणाले, नाचतो तर.

“मग गणपतीला या आमच्याकडे,” अण्णा म्हणाले.

“तुम्हीच या. गणपतीला इथे सगळ्या देशाला सुट्टी.”

“येतो ना. चौघंही येतो,” अण्णांनी जागच्या जागी सांगून टाकलं. ताईंनी लगेच विसर्जन समुद्रात की तलावात ते विचारून घेतलं, बायकोने फोनमध्ये पुढच्या वर्षीची तारीख बघितली. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.