जज फक्त शिक्का मारतो म्हणे

अमेरिकेतल्या क्लास ॲक्शनबद्दलचा (म्हणजे हजारो ग्राहकांच्या वतीने एकत्र लढवलेल्या दाव्यांबद्दलचा) तो मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला: "वकील आणि कंपनी आतल्या आत मांडवली करतात, जज डोळे मिटून शिक्का मारतो, ग्राहकाला चार डॉलरचं कूपन, आणि त्याला विचारतंय कोण. आपल्याकडे तर असलं काही नाहीच." वकिलांच्या फीवरचा राग ठीक आहे हो, बाकीचं बघू.

शिक्का? गूगलने न विचारता पुस्तकं स्कॅन केली म्हणून झालेल्या गूगल बुक्सच्या केसमध्ये गूगलही राजी आणि लेखक-प्रकाशकांच्या संघटनाही राजी, १२.५ कोटी डॉलरचा सौदा, तरी मार्च २०११ ला न्यूयॉर्कचे जज डेनी चिन सरळ नाही म्हणाले. जो लेखक गप्प बसेल त्याचं पुस्तक आपोआप गूगलच्या ताब्यात, हे त्यांना पटलं नाही, आधी लेखकाचा होकार घ्या म्हणाले.

आता विचारतंय कोण. २०१३ ला ऑस्ट्रेलियातल्या एका पोराने सबवेच्या फूटलाँगला, म्हणजे एक फुटी (१२ इंची) सँडविचला, टेप लावून फोटो टाकला, भरला ११ इंच, झालं, अमेरिकेत धडाधड केसेस. नंतर कळलं की पिठाचा गोळा सगळ्यांना सारख्याच वजनाचा असतो, भाजताना एखादा पाव आखूड होतो, म्हणजे ब्रेड कुणाला कमी मिळालाच नव्हता! तरी सेटलमेंट झाली: सबवे पाव मोजत जाणार, वकिलांना ५,२०,००० डॉलर, नाव लावलेल्या फिर्यादींना ५०० प्रत्येकी, बाकी ग्राहकांना भोपळा. आणि पुढेही एखादा पाव आखूड निघणारच, हे करारातच कबूल केलेलं. खालच्या कोर्टाने हे मंजूर केलं बरं का, इथे मेसेजवाल्याला एक मार्क. पण टेड फ्रँक या वकिलाने स्वतः ग्राहक म्हणून हरकत घेतली आणि २०१७ ला शिकागोच्या अपील कोर्टाने सगळं रद्द केलं, असल्या सेटलमेंटची किंमत शून्य म्हणून.

आमच्याकडे न्यू जर्सीत अशा सेटलमेंटच्या नोटिशीची कार्डं पोस्टाने येतात, पिझ्झाच्या जाहिरातींत अडकलेली, बारीक अक्षरात दाव्यातून बाहेर पडायची तारीख, हरकतीची तारीख, सुनावणीची तारीख. विचारतात, पण असं. मी स्वतः दोन रद्दीत टाकलीयत.

कूपनचं म्हणाल तर २००५ च्या कायद्याने कूपनांवरची फी किती कूपनं खरंच वापरली गेली त्यावरच मोजायची.

आणि "आपल्याकडे", म्हणजे भारतात, "नाहीच" हे तर चूकच. अनेकांच्या वतीने केलेल्या दाव्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड केली तर ती रद्दबातल, आणि परवानगीआधी संबंधितांना नोटीस द्यायची, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीपासून आहे. आता भोपाळची वायुगळती बघा. १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पीडितांच्या वतीने सरकारच बोललं, सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, ज्यांचं गेलं त्यांना आधी विचारलंच नव्हतं. १९९१ ला फेरविचारात फौजदारी खटले परत उभे राहिले पण रक्कम तीच, आणि ती वाढवून मागणारी सरकारची याचिका २०२३ ला फेटाळली गेली.