बीएमआय सरसकट टाकाऊ नाही

देशोदेशीच्या लठ्ठपणाच्या आकड्यांवरच्या एका लेखात बीएमआयला (बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) थेट टाकाऊ म्हटलंय, का तर त्यात स्नायू किती नि चरबी किती ते कळत नाही. एका माणसापुरतं हे बरोबरच आहे पण अख्ख्या देशाचा लठ्ठपणाचा दर काढायचा असेल तर मला नाही पटत. क्वेटले या बेल्जियन गणितज्ञाने १८३२ च्या सुमारास वजन भागिले उंचीचा वर्ग हे गणित मांडलं ते लोकसमूहाचा अभ्यास करताना, पेशंट तपासताना नव्हे. आणि लाखो लोकांत पिळदार शरीराचे पैलवान असे असतात किती? उलट बीएमआय नॉर्मल पण पोटावर चरबी, असे बरेच जण निसटतात, म्हणून कमरेचा घेरही मोजायलाच हवा.

खरी गडबड वेगळीच आहे. सर्वेक्षणात वजन काट्यावर मोजलं की फोनवर विचारलं ते आधी बघा, कारण लोक उंची वाढवून आणि वजन कमी करून सांगतात. लठ्ठपणाची रेषा ३० धरली तर १७० सेंमी, ८८ किलोचा माणूस म्हणजे बीएमआय ३०.४, म्हणजे लठ्ठ. त्यानेच १७२ आणि ८६ सांगितलं की २९.१, झाला यादीतून बाहेर! शिवाय रेषा पण हलतात, अमेरिकेत १९९८ मध्ये ओव्हरवेटची रेषा २५ वर आणली आणि एक ग्रॅमही न वाढता लाखो लोक रातोरात ओव्हरवेट झाले. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना निदान वयोगट आणि मोजायची पद्धत तरी लिहा, प्लीज.